परदेशातील आगगाडीचा पहिला प्रवास

सन १८९२ च्या अखेरीस एक तरुण संन्यासी कोल्हापूर, बेळगाव, मडगाव, धारवाड, बंगळूर असा प्रवास करीत म्हैसूरला येऊन पोहोचला. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांनी त्याचा पाहुणचार केला आणि महाराज चामराजेंद्र वडियार यांची व त्याची भेट घडवून आणली. म्हैसूर सोडण्याची वेळ आली तेव्हा दिवाणांनी नोटांचे पुडके त्याच्या हाती देण्याचा प्रयत्न केला. त्याने ते घेतले नाही. पुढच्या मुक्कामापर्यंतचे आगगाडीचे तिकीट मिळाले तर पुरे, असे त्याने सांगितले. तेव्हा कोचीनच्या बाजूचे दुसऱ्या वर्गाचे एक तिकीट आणि तिकडील अधिकाऱ्याच्या नावे एक पत्र, एवढी शिदोरी घेऊन तो निघाला. हा संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद होत, हे म्हैसूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या परदेशगमनास महाराजांनी साहाय्य देऊ केले होते, हेही येथे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या त्या प्रवासाकडे केवळ एक प्रवास म्हणून, म्हणजे परक्या मुलखात प्रथमच आगगाडीत बसणाऱ्या माणसाचा प्रवास म्हणून, सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत व्याख्यानाच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याच बाजूला विशेष महत्त्व आहे.

३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघालेले विवेकानंद जुलैच्या अखेरच्या आठवड्यात कॅनडातील व्हँकुव्हर बंदरात उतरले आणि तेथून आगगाडीने विनिपेगमार्गे शिकागोला गेले. जवळ पुरेसे उबदार कपडे नव्हते. शिकागोत पोहोचल्यावर कळले की सर्वधर्मपरिषद ११ सप्टेंबरपर्यंत सुरू होणार नाही आणि अधिकृत परिचयपत्राखेरीज कोणालाही प्रतिनिधी म्हणून घेतले जाणार नाही. त्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलेले असल्याने राहण्याखाण्याचे दर वाढलेले होते आणि जवळचे पैसे भराभर संपत होते. बोस्टनकडे स्वस्ताई आहे असे समजल्यावरून ते तिकडे गेले. आगगाडीत ओळख झालेल्या केट सॅनबर्न या लेखिकेने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. तेथील ओळखीतून हार्वर्ड विद्यापीठाचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट त्यांना भेटले. राइट यांनी परिषदेच्या चालकांना पत्र लिहिले, आणि शिकागोचे तिकीटही काढून दिले.

येथपर्यंत सर्व ठीक झाले. परतीच्या गाडीत एक व्यापारी भेटला व शिकागोत उतरल्यावर योग्य ठिकाणी पोहोचविण्याचे त्याने आश्वासन दिले. परंतु उतरल्यावर तो आपल्या घाईत निघून गेला. परिषदेच्या कार्यालयाचा पत्ता लिहिलेला कागद हरवला होता. स्थानकाच्या त्या भागात मुख्यतः जर्मन बोलणाऱ्यांची वस्ती होती, त्यामुळे विवेकानंदांचे उत्तम इंग्रजीही उपयोगी पडेना. ती रात्र त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर एका रिकाम्या खोक्यात काढली. काही चरित्रकार मालगाडीचा रिकामा डबा म्हणतात. दुसऱ्या दिवशी दारोदार हिंडून थकल्यावर ते रस्त्याच्या कडेला बसले असता समोरच्या घरातील श्रीमती हेल यांनी त्यांची विचारपूस केली आणि परिषदेच्या कार्यालयात नेऊन सोडले.

ही हकिकत चरित्रांत दैवी योगाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक साधी गोष्ट आहे. विद्वत्ता होती, इंग्रजी होते, तिकीट होते, शिफारसपत्रही होते. नव्हता तो एक कागदाचा तुकडा, ज्यावर कोठे जावयाचे ते लिहिलेले होते.

आज म्हैसुरातील असंख्य घरांतील मुले-मुली फ्रँकफर्ट, ॲम्स्टरडॅम, लंडन किंवा टोकियो येथे नोकरीस आहेत. त्यांचे साठी ओलांडलेले आईवडील महिना-दोन महिन्यांसाठी तिकडे जातात. विमानप्रवासाची त्यांना फारशी धास्ती वाटत नाही, कारण विमानतळावर एका दारातून आत गेल्यावर माणूस जणू सरकत्या पट्ट्यावर पडतो व योग्य दारातूनच बाहेर निघतो. खरी धास्ती त्यानंतर सुरू होते. मुलाला रजा नसते, सून म्हणते, “आईबाबा, तुम्ही दोघेच पॅरिस पाहून या, चार तासांची तर गाडी आहे.” आणि ज्यांनी चाळीस वर्षे म्हैसूर–बंगळूर प्रवास डोळे मिटून केला, त्यांची छाती धडधडू लागते. ही भीती हास्यास्पद मानणे योग्य नव्हे. आपल्याकडील स्थानकावर काही चुकले तर हमाल आहे, चहावाला आहे, शेजारचा सहप्रवासी आहे. कोणी ना कोणी हाताला धरून डब्यात बसवील अशी खात्री असते. तिकडे फलाटावर माणसे असतात, पण ती सर्व आपापल्या वाटेने झपाट्याने चाललेली असतात. तेव्हा जे ज्ञान येथे समाज पुरवितो, ते तेथे प्रवाशाने आधीच गाठीशी बांधून न्यावे लागते. हे ज्ञान फार मोठे नाही.

पहिली बाब गावांच्या नावांची. भारतीय रेल्वेच्या स्थानकावर नाव साधारणपणे तीन लिपींत लिहिलेले असते. म्हैसूरच्या पाटीवर कन्नड न वाचणारा मनुष्य नागरी किंवा रोमन लिपीतील नाव वाचतो. युरोपात बहुतेक ठिकाणी स्थानिक भाषेतील एकच नाव असते, आणि ते इंग्रजी नकाशावरून पाठ केलेल्या नावाशी जुळेलच असे नाही. व्हिएन्नाला तेथील लोक वीन म्हणतात, म्युनिकला म्युन्शेन, कोलोनला क्योल्न, फ्लॉरेन्सला फिरेन्झे, व्हेनिसला व्हेनेत्सिया, प्रागला प्राहा. फ्लॉरेन्सचे तिकीट काढलेला प्रवासी फिरेन्झेच्या फलाटावरून खिडकीतून बाहेर पाहत पुढे निघून गेला, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. म्हणून नाव स्थानिक वर्तनीत कागदावर मोठ्या अक्षरांत उतरून घ्यावे आणि सोबत गाडी पोहोचण्याची वेळही लिहावी. वेळ ही या बाबतीत नावापेक्षाही भरवशाची खूण आहे, मात्र गाडी वेळेवर असली तर. त्याबद्दल पुढे येईलच.

नाव कळले तरी स्थानक कळले असे होत नाही. मुंबईला जावयाचे म्हटले की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे की लोकमान्य टिळक टर्मिनस, हा प्रश्न येतो. बंगळूरला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानक आणि यशवंतपूर यांची गल्लत झालेली माणसे म्हैसुरात पुष्कळ भेटतील. पॅरिसचेही तसेच आहे. लंडन, ब्रुसेल्स व ॲम्स्टरडॅमकडील गाड्या गार द्यू नॉर येथे लागतात. स्ट्रासबूर आणि जर्मनीकडील गाड्या प्रामुख्याने गार द लेस्त येथे. स्वित्झर्लंड, लिआँ व बार्सेलोनाकडे जाणाऱ्या गार द लिआँ येथून सुटतात. नॉर आणि लेस्त ही दोन स्थानके पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत, परंतु गार द लिआँ गाठावयाचे तर शहर ओलांडावे लागते. ब्रुसेल्समध्ये एकाच मार्गावर ओळीने उत्तर, मध्य व दक्षिण अशी तीन मोठी स्थानके येतात, आणि लंडनची गाडी केवळ दक्षिण स्थानकावरून सुटते; फ्रेंचमध्ये त्याचे नाव मिदी. व्हेनिसची फसगत सर्वांत प्रसिद्ध आहे: मेस्त्रे हे स्थानक मुख्य भूमीवर आहे, आणि कालव्यांचे जे शहर पाहण्यासाठी माणूस जातो ते सान्ता लुचिया या शेवटच्या स्थानकाबाहेर सुरू होते. मेस्त्रेला उतरून समोर मोटारी व सिमेंटच्या इमारती पाहिलेला प्रवासी आपण फसविले गेलो असे समजतो.

मोठ्या स्थानकांत पिवळा व पांढरा असे दोन छापील तक्ते लावलेले असतात. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली येथे पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्या गाड्यांचा असतो. नवखा प्रवासी हटकून पांढऱ्या तक्त्यासमोर उभा राहतो, त्यावर आपल्या शहराचे नावही त्याला सापडते, आणि तेथून येणाऱ्या गाडीच्या फलाटावर तो जाऊन थांबतो. जर्मनमध्ये सुटण्याला आबफार्ट म्हणतात, फ्रेंचमध्ये देपार, इटालियनमध्ये पार्तेन्झे. फलाट वा रूळ दर्शविणारे शब्द अनुक्रमे ग्लाइस, व्ह्वा आणि बिनारिओ. एवढे सहा शब्द पाठ केले तरी पुरे आहे. संपूर्ण भाषा शिकण्याचा संकल्प बहुधा विमानतळापर्यंतच टिकतो.

काही फलाटांवर अ, ब, क यांप्रमाणे अक्षरांचे विभाग असतात, आणि कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी येईल हे फलकावर दाखविलेले असते. हे नुसते सोयीसाठी नाही. गाडी एखाद्या स्थानकावर दोन-तीन मिनिटेच थांबते, आणि काही गाड्या वाटेत दुभंगतात. बर्लिनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक जलद गाड्या हाम या स्थानकावर दोन भागांत तुटतात. एक भाग वुपरटालमार्गे क्योल्नकडे जातो, दुसरा डॉर्टमुंडमार्गे ड्युसेलडॉर्फकडे. योग्य गाडीतील अयोग्य डब्यात बसलेला मनुष्य अशा वेळी निश्चिंत झोपलेला असतो. डब्याच्या दारावर गंतव्य स्थानाचे नाव असते. चढण्यापूर्वी ते वाचण्यास तीन सेकंद लागतात. याउलट एक गोष्ट विनाकारण घाबरविते. फ्रँकफर्टचे मुख्य स्थानक हे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसप्रमाणे, रूळ जेथे संपतात असे स्थानक आहे. तेथे आत आलेली गाडी पुढे जाण्यासाठी उलट दिशेने निघते. आपण परत चाललो की काय, असे वाटून काहीजण धावत उतरू लागतात. तसे करू नये.

दारासंबंधीही सांगितले पाहिजे. बहुतेक गाड्यांची दारे आपोआप उघडत नाहीत. दारावरील बटण प्रवाशाने दाबावे लागते. दार उघडण्याची वाट पाहत सामानासह उभे असलेले आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेलेली पाहणारे लोक कोठेही आढळतात. आणि एकदा दार बंद झाले की धावती गाडी पकडण्याचा भारतीय पुरुषार्थ तेथे निरुपयोगी ठरतो.

तिकिटांच्या बाबतीत देशागणिक चाल निराळी आहे. फ्रान्सच्या अतिजलद गाड्यांत व इटलीच्या तशाच गाड्यांत जागा राखून ठेवल्याशिवाय बसता येत नाही. जर्मनीत दूर पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांत आरक्षण ऐच्छिक असते: तिकीट असले की गाडीत चढता येते, पण बसावयास जागा मिळेलच असे नाही. वयोवृद्धांनी थोडे अधिक पैसे भरून जागा राखून ठेवावी. इटलीच्या स्थानिक गाडीचे कागदी तिकीट फलाटाजवळील यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो; तो नसला तर पैसे भरलेले असूनही दंड होतो. प्रामाणिक माणसाला याचा अपमान फार वाटतो, परंतु तपासनीसाच्या दृष्टीने शिक्का नसलेले तिकीट हे उद्याही वापरता येईल असे तिकीट असते. युरोपाबाहेरील प्रवाशांसाठी युरेल नावाचा सर्वसमावेशक पास १९५९ पासून मिळतो. अनेक शहरे हिंडणाऱ्या तरुणांस तो लाभदायक आहे. एक-दोन प्रवास करणाऱ्या आईवडिलांना बहुधा महाग पडतो, आणि त्यात आरक्षणाचे शुल्क धरलेले नसते ही गोष्ट अनेकांना तिकीटघरासमोर कळते.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, कारण तिच्यात चूक झाली तर ती फलाटावर दुरुस्त होत नाही. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यात पाच राष्ट्रांनी सीमेवरील तपासणी उठविण्याचा करार केला. मार्च १९९५ पासून तो अमलात आला. २०२५ च्या आरंभी बल्गेरिया व रोमानिया हे देश पूर्णतः सामील झाल्यावर त्यात २९ राष्ट्रे झाली. या प्रदेशात एकाच व्हिसावर हिंडता येते, आणि गाडी एका देशातून दुसऱ्या देशात केव्हा शिरली हे कळतही नाही. पण ब्रिटन त्यात नाही. १४ नोव्हेंबर १९९४ पासून समुद्राखालील सुमारे पन्नास किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून लंडन–पॅरिस प्रवासी गाडी धावू लागली. तिच्यासाठी भारतीय नागरिकाला दोन स्वतंत्र व्हिसा लागतात. त्याहून सूक्ष्म अडचण अशी की, ज्याच्याकडे एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा आहे तो पॅरिसहून लंडनला दोन दिवसांसाठी गेला, तर त्याला पुन्हा पॅरिसला येता येत नाही. मुलाचे घर पॅरिसमध्ये, सर्व सामान पॅरिसमध्ये, मायदेशी परतण्याचे विमान पॅरिसहून. आणि आईवडील लंडनच्या स्थानकावर अडविलेले. व्हिसाचा अर्ज करतानाच अनेक प्रवेशांची परवानगी मागावी, आणि व्हिसा हाती आल्यावर त्यावर काय छापले आहे ते वाचून पाहावे. याच गाडीसाठी दोन्ही देशांची पारपत्र-तपासणी गाडीत बसण्यापूर्वीच होते. गाडी सुटण्यापूर्वी सुमारे अर्धा तास प्रवेश बंद होतो, म्हणून तास-दीड तास आधी जावे.

शेंगेन प्रदेशातही पारपत्र घरी ठेवून निघू नये. सीमेवरील तपासणी उठविली याचा अर्थ पोलिसांचा अधिकार संपला असा नाही. किंबहुना सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. गाडीत पोलीस आले आणि पारपत्र मागितले तर ती अप्रतिष्ठा नव्हे. पारपत्र अंगावरील आतल्या खिशात असावे. डोक्यावरच्या फळीवरील पिशवीत कदापि नसावे. पॅरिस, रोम, मिलान, बार्सेलोना येथील खिसेकापू प्रसिद्ध आहेत. गाडीत चढताना दाराशी गर्दी होते त्या अर्ध्या मिनिटात ते आपले काम उरकतात. तिकीट-यंत्रापाशी आपण होऊन मदतीस येणारा, गणवेश नसलेला मनुष्य नम्रपणे नाकारावा. मदत लागलीच तर स्वतः निवड करून विचारावे. गणवेशातील कर्मचारी, अथवा लहान मूल सोबत असलेली बाई, यांना विचारणे केव्हाही बरे. व्यापारी आणि केट सॅनबर्न या दोघांचीही भेट विवेकानंदांना आगगाडीतच झाली होती.

सामानाचे सांगावयाचे तर म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयाकडे पाहावे. १९७९ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात म्हैसूरच्या महाराणींचा खास डबा ठेवलेला आहे. त्यात स्वतंत्र स्वयंपाकघर आहे, भोजनाची व्यवस्था आहे, स्नानगृह आहे. घर बरोबर घेऊन प्रवास करण्याची ही राजेशाही कल्पना प्रत्येक भारतीय प्रवाशाच्या मनात खोलवर असते. विमान कंपनीने तेवीस किलोच्या दोन पेट्यांना परवानगी दिली की त्या दोन्ही भरल्याच पाहिजेत असे वाटते. परंतु युरोपातील फलाटांवर आता हमाल जवळजवळ आढळत नाहीत, अनेक डब्यांना दोन-तीन पायऱ्या असतात, आणि पेटी ज्याची त्याला उचलावी लागते. म्हणून शहरा-शहरांतील प्रवासास निघताना मोठ्या पेट्या मुलाच्या घरीच ठेवाव्यात आणि जी पिशवी स्वतःच्या खांद्यापर्यंत एकट्याने उचलता येते तेवढीच बरोबर घ्यावी. जपानने याबाबतीत नियमच केला आहे. टोकियो–ओसाका मार्गावर १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या अतिजलद गाडीत, मे २०२० पासून, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या पेटीसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. तेथे पेट्या एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोहोचविणारी उत्तम सेवा आहे, तिचा लाभ घ्यावा.

खाण्याचा प्रश्न म्हैसूरच्या एका थोर नागरिकालाही सुटला नव्हता. आर. के. नारायण १९५६ मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते. ज्या लेखकाने आपल्या कल्पनेतील मालगुडी गावाची उभारणी रेल्वे स्थानकापासून केली, त्याचा हा पहिलाच परदेशप्रवास. न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात कॉफी काळी हवी की पांढरी, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला आणि दक्षिण भारतीय कॉफीचा रंग या दोहोंपैकी कोणताच नसल्याने मोठाच पेच उत्पन्न झाला. १९६० साली म्हैसूरहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी ही हकिकत मोठ्या खुमासदारपणे सांगितली आहे. त्यांच्याही आधी, १८८६ ते १८८८ या काळात, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत पूर्व किनाऱ्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला, आणि त्या देशाविषयीचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोघांनाही परक्या देशात आपला आहार सांभाळावा लागला होता. आजची परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, मोठ्या स्थानकांवर शाकाहारी पदार्थ मिळतात. परंतु गाडीतील उपाहारगृहावर विसंबू नये. तो डबा जोडलेला असेलच असे नाही.

घरचा डबा नेण्यास युरोपातील बहुतेक गाड्यांत हरकत नसते. मात्र लंडनहून पॅरिसला जाताना एक चमत्कारिक अडचण येते. ब्रिटन युरोपीय व्यवस्थेतून बाहेर पडल्यानंतर, २०२१ पासून, तेथून येणाऱ्या प्रवाशास मांस व दुग्धजन्य पदार्थ बरोबर आणण्यास मनाई आहे. अर्थात, दहीभात हा कायद्याच्या दृष्टीने निषिद्ध माल ठरतो. लिंबूभात चालतो. गाडीच्या प्रसाधनगृहातील नळाचे पाणी पिण्यायोग्य नसते, आणि आपल्या सवयीप्रमाणे तेथे पाण्याची सोयही नसते, म्हणून एक रिकामी बाटली जवळ असावी. स्थानकावरील प्रसाधनगृहासाठी सुटी नाणीही लागतात. या गोष्टी व्याख्यानात सांगण्यास संकोच वाटतो, परंतु वृद्ध प्रवाशांच्या धास्तीचे अर्धे कारण येथेच असते आणि ते कोणी बोलून दाखवीत नाही.

काही डबे शांततेसाठी राखलेले असतात. त्यांत दूरध्वनीवर बोलणे असभ्यपणाचे समजले जाते. पोहोचल्याचे मुलाला कळवावयाचे असेल तर उठून दाराजवळच्या मोकळ्या जागेत जावे.

पहिल्याच खेपेस लांबचा प्रवास आखू नये, हा सर्वांत हिताचा सल्ला. दिवसाचा, थेट, गाडी न बदलता होणारा, तासा-दोन तासांचा प्रवास निवडावा. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा हे दुसऱ्या देशाच्या राजधानीचे शहर सुमारे एका तासावर आहे, म्हणजे म्हैसूर–बंगळूर प्रवासापेक्षा लहान. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. असा एक प्रवास झाला की नंतरच्या लांबच्या प्रवासाची भीती पुष्कळशी ओसरते, कारण फलाट शोधणे, डबा शोधणे, तिकीट दाखविणे व योग्य ठिकाणी उतरणे या चारही क्रिया एकदा हातून घडलेल्या असतात. त्याआधी शक्य असेल तर आदल्या दिवशी मुलाबरोबर स्थानकात फेरी मारून यावी. वेळापत्रक पाहून त्याने काढून दिलेल्या प्रवासात गाडी बदलण्यास आठ मिनिटे ठेवली असतील, तर ती पाऊण तासाची करून घ्यावी. आठ मिनिटे ही पंचवीस वर्षांच्या पायांची आठ मिनिटे असतात.

पाऊण तासाचे दुसरेही कारण आहे. युरोपातील गाड्या घड्याळाबरहुकूम धावतात ही समजूत स्वित्झर्लंडपुरती बव्हंशी खरी आहे. जर्मनीत २०२४ साली दूर पल्ल्याच्या एक तृतीयांशाहून अधिक गाड्या उशिराने पोहोचल्या. पुढची गाडी चुकण्याची ही शक्यता गृहीत धरूनच निघावे. अशा वेळी तिकीट कसे काढले होते यावर बरेच अवलंबून असते. संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट असेल तर पुढे नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. दोन टप्प्यांची दोन तिकिटे वेगवेगळी, स्वस्त मिळाली म्हणून काढली असतील, तर दुसऱ्या टप्प्याचे पैसे बुडण्याचा संभव असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार गाडी एक तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचली तर साधारणतः भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तास वा अधिक उशीर झाला तर निम्मे भाडे परत मागता येते.

गाडी चुकलीच, तर प्रथम बसून घ्यावे. फलाटावर बाक असतात. गोंधळलेल्या अवस्थेत समोर दिसेल त्या गाडीत चढणे ही मूळ चुकीपेक्षा मोठी चूक असते. बसल्यावर पाणी प्यावे, कागदावरील गावाचे नाव व तिकीट हाती घ्यावे आणि माहिती-कक्ष शोधावा. भाषा येत नसेल तर दोन्ही कागद खिडकीतून आत सरकवावेत. तिकिटावर सर्व काही छापलेले असते आणि आतील कर्मचारी दिवसभर तेच काम करीत असतो. तो बहुधा पुढील गाडीची वेळ व फलाटाचा क्रमांक लिहून देतो. पतिपत्नींपैकी एकच गाडीत चढले व दुसरे फलाटावर राहिले, तर काय करावयाचे हे घरून निघतानाच ठरलेले असावे: गाडीत चढलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच, त्याच फलाटावर थांबावे, आणि मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तेथे यावे. दोघांनीही एकमेकांना शोधण्यास निघावयाचे नाही. यासाठी तिकीट, पैसे, पारपत्र आणि मुलाच्या घरचा पत्ता दोघांच्याही खिशात वेगवेगळा असला पाहिजे. अनेक घरांत हे सर्व एकट्या यजमानांच्या पाकिटात असते आणि बाईंजवळ डब्याची पिशवी. निघण्याच्या आदल्या रात्री पत्ता स्थानिक वर्तनीत दोन कागदांवर स्वच्छ अक्षरांत लिहावा, खाली दूरध्वनी क्रमांक घालावा, आणि एक कागद तिच्या पर्समध्ये ठेवावा.